तक्रार शेजारणीनं सांगायची

बेगमबीनं शिवलेल्या कॉलरला लातुरात कुणी नाव ठेवलं नव्हतं. कॉलर नीट बसली तर तो शर्ट, नाहीतर नुसती गोणी, असं तिचं मत होतं आणि बसलिंगप्पा शेठच्या कारखान्यात नवी आलेली प्रत्येक पोर ते मत पहिल्याच दिवशी ऐकायची. खिसा कुणीही लावतं, बाही कुणीही जोडतं, पण कॉलरची दोन्ही टोकं सारखी निघायला हात बसावा लागतो. तिचा बसला होता. म्हणून लाईनच्या तोंडाशी, खिडकीजवळच्या मशीनवर तिची जागा होती. त्या जागेचा तिला भारी अभिमान, आणि अलीकडे तीच जागा हातची जाईल या धास्तीनं तिला घास गोड लागत नव्हता.

कारण डोळे. पन्नाशी अजून यायची होती, पण जवळचं दिसेनासं झालं होतं. पांढऱ्या शर्टांवर कसंबसं निभावत होतं. मग एका नव्या कोचिंग क्लासची ऑर्डर आली, गडद निळे शर्ट आणि दोराही तसाच निळा. आता निळ्या कापडावर निळा टाका कुठं पडला हे बेगमबी बोटांनी चाचपून ठरवू लागली. दोरा तुटला की सुईचं नेढं काही केल्या सापडायचं नाही. मग ती शेजारच्या मशीनवरच्या धम्मप्रियाकडे वळून म्हणायची, "धम्मा, तुझा हात हलका हाय, ओव बरं एवढं." धम्मप्रिया ओवून द्यायची आणि पुन्हा आपल्या मशीनकडे वळायची.

चष्मा का नाही लावला, असं कुणीही शहाणं माणूस विचारील. त्याचं उत्तर कारखान्यातल्या कुठल्याही बाईनं दिलं असतं. मागं एक बाई चष्मा लावून आली, तर मडिवाळप्पा सुपरवायझरनं तिला मशीनवरून उठवून धागे कापायला बसवलं, आणि सीझन ओसरला तेव्हा धागे कापणाऱ्या बायाच सगळ्यांत आधी घरी पाठवल्या. ती बाई पुन्हा दिसली नाही. बेगमबीनं यातून जो धडा घ्यायचा तो घेतला आणि तोंड मिटून डोळे ताणत राहिली.

कारखाना तसा वाईट नव्हता. बसलिंगप्पा शेठचं पूर्वी धोतरांचं आणि शाळेच्या कापडाचं दुकान. पुढं लातुरात क्लासचं पेव फुटलं. नांदेडपासून, निलंग्यापासून, पार राज्याच्या सीमेपलीकडून पोरं डॉक्टर-इंजिनियर व्हायला येऊ लागली आणि प्रत्येक क्लासला आपापल्या रंगाचा युनिफॉर्म हवासा झाला. शेठनं गावाबाहेर पत्र्याचा मोठा शेड टाकून मशिनी मांडल्या. बेगमबीचा नवरा खाजामियाँ जातिवंत पिंजारी. गावाकडं त्याची कापूस पिंजायची धुनकी धूळ खात पडली होती, ती लातुरात होस्टेलवाल्यांच्या गाद्या भरता भरता पुन्हा वाजू लागली. नवऱ्याच्या गादीवर पोरं झोपायची आणि बायकोनं शिवलेला शर्ट घालून क्लासला जायची. त्यातला एखादा पोरगा नापास झाला तर आपल्या दोघांचा काही दोष नाही, असं खाजामियाँ खोकत खोकत सांगायचा.

आता पेटीची गोष्ट. हैदराबादच्या एका मोठ्या पार्टीनं शाळांच्या गणवेशाचं काम द्यायचं कबूल केलं, पण अट घातली की कामगारांच्या तक्रारी ऐकायची काही सोय असली पाहिजे. शेठचा मुलगा मन्मथ कारभार बघायचा. शिकलेला होता, मनानं बरा होता, फक्त त्याला वाटायचं की पेटी टांगली म्हणजे सोय झाली. त्यानं लोखंडी पेटी रंगवून घेतली आणि टांगली आपल्याच केबिनच्या दारावर, वर कॅमेरा. निम्म्या बायांना लिहिता येत नव्हतं, निम्म्यांचं अक्षर मडिवाळप्पाला पाठ होतं. पेटी महिनोन्महिने उपाशी राहिली. शेवटी एकदा उघडली तर आत एकच लखोटा. मन्मथनं हात जोडून देवाचे आभार मानले आणि लखोटा फोडला, तर आत बेगमबीच्या धाकट्या लेकीच्या लग्नाची पत्रिका. केबिनमध्ये जायचा धीर होईना, म्हणून बिचारीनं साहेबांचं आमंत्रण पेटीत टाकलं होतं. मन्मथ लग्नाला आला, पोटभर जेवला, आणि जाताना हसत म्हणाला की चाची, आमच्या पेटीत आलेली ही पहिलीच तक्रार. बेगमबीला वाटलं, काहीतरी चुकलं आपलं.

त्या जेवणावळीनंतर मन्मथ विचारात पडला असावा. त्यानं दर गुरुवारी चहाच्या वेळी बायांना एकत्र बसवून तोंडी विचारायचं ठरवलं. ज्याची काही तक्रार असेल त्यानं हात वर करावा, असं तो म्हणायचा. मडिवाळप्पा त्याच्या खांद्यामागे उभा असायचा. कुणाचा हात वर जाणार? बाया बशीत चहा ओतून फुंकत बसायच्या आणि सगळं चांगलं हाय म्हणायच्या.

खरं तर सगळं चांगलं नव्हतं. त्या शेडात एका लाईनला एक पास होता. पास म्हणजे लाल रंगवलेली लाकडी पट्टी. संडासला जायचं तर ती पट्टी मडिवाळप्पाच्या टेबलावरून मागून न्यायची. टेबल कटिंगवाल्या गड्यांच्या मधोमध. मागायला गेलं की तो घड्याळाकडे बघायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचा, आत्ताच तर गेली होतीस ना? पोरीबाळींना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यांनी त्यावर आपला एक उपाय काढला होता. त्या पाणीच प्यायच्या नाहीत.

धम्मप्रियाही त्यातलीच. आणि ती कोण, हे सांगायचं तर जरा मागं जावं लागेल, कारण बेगमबी आणि धम्मप्रिया यांचं नातं कारखान्यात जुळलेलं नव्हतं.

भूकंप झाला तेव्हा बेगमबी निलंग्याकडच्या एका गावात नवी बाळंतीण होती. त्या पहाटेचं ती कुणाला सांगत नाही, म्हणून आपणही खोदून विचारू नये. घराच्या मातीखाली सासू गेली आणि पाळण्यातलं लेकरू गेलं, ती आणि खाजामियाँ राहिले, एवढं पुरे. सरकारनं गावाबाहेर पत्र्याच्या खोल्या बांधल्या आणि जसे नंबर लागले तशी माणसं त्यांत बसली. गावात बेगमबीची गल्ली एका टोकाला आणि बौद्धांची वस्ती दुसऱ्या टोकाला. तिथल्या नागुबाईच्या घरचं पाणी तिनं कधी प्यायलं नव्हतं. आता दोघींच्या मध्ये नुसता एक पत्रा होता. नागुबाईची सून भूकंपात गेली होती. मुलगा मारोती बधिर होऊन बसलेला आणि त्याची तान्ही पोर नागुबाईच्या मांडीवर. पोरीला वरचं दूध पचत नव्हतं. ती रडायची, आणि पत्र्याच्या अलीकडे बेगमबी कानात बोटं घालून बसायची.

एके दिवशी तपासणीला एक डॉक्टरीणबाई आली. प्रत्येकीला काय होतंय म्हणून विचारत ओळीनं पुढं सरकत होती. बेगमबीनं काही नाही म्हणून मान हलवली. पदर अंगाभोवती घट्ट लपेटलेला, डोळे तापानं लाल. डॉक्टरीण पुढं निघाली, तेव्हा शेजारच्या दारातून नागुबाई बोलली.

"बाई, थांबा. ही काय बोलायची न्हाई. हिचं लेकरू गेलंय अन् छातीला दूध दाटलंय. तापानं फणफणून राहिली."

बेगमबीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि धरणीनं तर ते नुकतंच करून दाखवलं होतं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मग तो काढला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा चार शब्द बोलली.

"अन् हिच्या नातीला वरचं दूध पचंना."

डॉक्टरीणबाईनं एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. तिला काही सांगावं लागलं नाही. नागुबाईनं उठून पोर बेगमबीच्या मांडीवर ठेवली.

ती पोर म्हणजे धम्मप्रिया. त्या पत्र्याच्या खोल्यांत ती बेगमबीच्या दुधावर वाढली. दोन्हीकडची माणसं थोडी कुजबुजली. मग पोरीनं असं काही बाळसं धरलं की कुजबुजणारीच तिला कडेवर घेऊन फिरू लागली. बेगमबीला पुढं दोन लेकी झाल्या, त्यांच्यावर तिनं जीव टाकला, पण आपण त्या दिवसांतून जगलो-वाचलो ते या पोरीमुळे, हे ती नमाजात न चुकता म्हणते. आणि नागुबाईनं तोंड उघडलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार आला की तिच्या अंगावर अजून काटा येतो.

तिथून त्या ओळीत एक रीतच पडून गेली. मदत वाटायला साहेब लोक यायचे, काय पाहिजे विचारायचे, आणि माणसांचे ओठ शिवलेले. कालपर्यंत दारात आलेल्याला भाकरी वाढणारी माणसं ती, आज तवा कसा मागणार? मग नागुबाई म्हणायची, बेगमबीच्या घरी तवा न्हाई. बेगमबी म्हणायची, नागुबाईचं पांघरूण भिजलंय. स्वतःचं कुणी सांगायचं नाही, शेजारणीचं सांगायचं, आणि डोळ्यांनी पाहिलेलंच सांगायचं. त्यात चावटपणाही चालायचा. एकीनं साहेबाला सांगितलं होतं की हिचा नवरा लई घोरतो, बदलून मिळतो का बघा. मेलेल्या गावात त्या दिवशी पहिल्यांदा हसू फुटलं.

पुढं नवं गाव बसलं, पक्की घरं झाली आणि ज्याची त्याची गल्ली पुन्हा ज्याच्या त्याच्या टोकाला गेली. मारोतीनं दुसरं लग्न केलं आणि आई-मुलीला घेऊन बिलोलीला गेला. बेगमबी तेव्हा एका संस्थेच्या वर्गात शिवण शिकली होती, ती शिदोरी घेऊन नवऱ्यासोबत लातूरला आली. इतक्या वर्षांनी नागुबाईचा बिलोलीहून फोन आला. आदर्शला, म्हणजे धम्मप्रियाच्या सावत्र भावाला, डॉक्टरीच्या क्लासला लातूरला ठेवायचं होतं, त्याला रांधून घालायला धम्मप्रिया येणार होती, आणि तिला कुठं काम लागलं तर बरं होईल. पोर तुझ्या वटीत टाकून राहिले, म्हणाली. बेगमबीनं दुसऱ्याच दिवशी मन्मथला गाठून शेजारचं मशीन मागून घेतलं. धम्मप्रिया तिथं कफ शिवू लागली. तिला ती अम्मी म्हणायची, आणि ऐकणाऱ्याला कोडं पडायचं.

तर ही धम्मप्रिया पाण्याची बाटली भरून आणायची आणि संध्याकाळी तशीच भरलेली परत न्यायची. उन्हाळा लागला आणि तिला लघवीची आग होऊ लागली, ताप येऊ लागला. डॉक्टरनं पाणी पी म्हणून बजावलं. ती हो म्हणाली आणि बाटली भरलेलीच राहिली. बेगमबी बघत होती.

त्या गुरुवारी मन्मथनं नेहमीप्रमाणे विचारलं आणि बाया नेहमीप्रमाणे बशीत बघत बसल्या. काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं नाव घेऊन विचारलं, बेगमबीचाची, तुमची काही तक्रार? बेगमबीच्या तोंडून जुन्या सवयीनं निघून गेलं.

"माझी काय न्हाई. हिची हाय. हिनं पाणी प्यायचं सोडलंय."

मन्मथला आधी काही कळेना. मग बेगमबीनं पट्टीचं सगळं सांगितलं, कुणावर आळ न घेता, जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच. धम्मप्रिया लाजेनं लालबुंद झाली. मडिवाळप्पाचा चेहरा आंबट झाला. मन्मथ उठला आणि त्यानं ती लाल पट्टी टेबलावरून उचलून बायांच्या बाजूच्या खांबाला खिळा ठोकून अडकवली. ज्यांना जायचं त्यांनी घ्यायची, परत आणून लावायची, कुणाला विचारायचं नाही.

मडिवाळप्पा काही एवढ्यावर सोडणारा गडी नव्हता. त्यानं धम्मप्रियाला बाजूला घेऊन विचारलं, तू सांगितलंस का? ती म्हणाली, मी कुठं, मी तर गप बसले होते. तेही खरंच. मग तो बेगमबीकडे आला, तुम्हाला काय त्रास होता चाची? बेगमबी म्हणाली, मला कसला त्रास, मी तर दुपारपर्यंत जागची उठतच न्हाई. तेही खरंच. जिची तक्रार ती बोलली नाही आणि जी बोलली तिची तक्रार नाही, आता शिक्षा करायची कुणाला? मडिवाळप्पा डोकं खाजवत निघून गेला.

संध्याकाळी धम्मप्रिया मात्र फुगून बसली. मला न विचारता का सांगितलं, म्हणाली, साहेबांच्या पुढं लाज गेली माझी. बेगमबीनं तिच्या बाटलीचं झाकण उघडून बाटली तिच्या हातात दिली. "इचारलं असतं तर तू नको म्हनली असतीस," एवढंच ती म्हणाली. धम्मप्रिया रागारागानं घटाघटा पाणी प्यायली.

पुढच्या गुरुवारी मन्मथनं आपलं विचारणंच बदललं. आजपासून स्वतःचं कुणी सांगायचं नाही, म्हणाला, आपल्या डाव्या हाताच्या बाईचं सांगायचं. त्याला हे पटलं होतं, आणि पटलेलं करायला तो लाजला नाही, याचं बेगमबीला आजही कौतुक वाटतं. मग जो काही पूर लोटला म्हणता! हिच्या मशीनचा पट्टा उघडा आहे, ओढणी अडकते. हिच्या स्टुलाचा पाय हलतो. हिला इस्त्रीची वाफ थेट तोंडावर येते. हिचं लेकरू आजारी आहे आणि ही सुट्टी मागायला भिते. पेटीनं वर्षभरात जे ऐकलं नव्हतं ते एका चहात ऐकून झालं. सगळंच झालं असं नाही, काही अजूनही झालेलं नाही, पण न झालेल्याचं कारणही मन्मथ त्यांच्या समोर बसून सांगू लागला.

मडिवाळप्पाला हे खटकत होतं. त्याच्या मागे बाया बोलतात असं त्याला वाटे. एका गुरुवारी सगळ्यांचं सांगून झालं तेव्हा बेगमबीनं विचारलं की अप्पाच्या उजव्या हाताला कुणीच बसत नाही, तर त्याचं कोण सांगणार? बाया खुदुखुदु हसल्या. बेगमबी हसली नाही. अप्पा सकाळपासून उभे असतात, म्हणाली, पाय सुजून चपलेत मावत नाहीत, एक खुर्ची द्या त्यांना. मडिवाळप्पानं मान दुसरीकडे वळवली. खुर्ची आली. त्यानंतर त्यानं गुरुवारच्या बैठकीला कधी नाक मुरडलं नाही, आणि बायांनाही कळलं की त्याचेही पाय दुखतात.

इतकं सगळं झालं. सगळ्यांचं सांगून झालं. बेगमबी कॉलरवरची मोठी बाई, ती दुसऱ्यांचं सांगायची, तिचं कोण सांगणार? तिच्या उजव्या हाताला धम्मप्रिया. म्हणजे बेगमबी धम्मप्रियाच्या डाव्या हाताला. दर गुरुवारी धम्मप्रियाची पाळी आली की ती म्हणायची, अम्मीचं सगळं चांगलं हाय. बेगमबी मनातल्या मनात अल्लाचा शुक्र म्हणायची आणि पुढच्या आठवड्याला लागायची. इतरांची तोंडं उघडणारी ही बाई स्वतःच्या बाबतीत मात्र पत्र्याच्या खोलीतलीच राहिली होती.

मग निळ्या शर्टांचा एक गठ्ठा क्लासवाल्यांकडून परत आला. कॉलरी वाकड्या. एक टोक वर, एक खाली. मडिवाळप्पानं गठ्ठा टेबलावर उलटा केला आणि गप्पच झाला, कारण लाईनवर कॉलर एकच बाई शिवत होती.  बेगमबीनं मशीनवर मान घातली ती वर केली नाही. जेवणाच्या सुट्टीत ती हात धुवून आली तर धम्मप्रिया डबा बाजूला ठेवून तिच्या कॉलरी उसवत होती आणि पुन्हा शिवत होती. हाताच्या सफाईवरून दिसत होतं की हे काही आजचं काम नव्हतं. कधीपासून चाललंय हे, असं विचारायचा धीर बेगमबीला झाला नाही. तिनं आपला डबा उघडला आणि मिटला. घरी गेल्यावर खाजामियाँनं विचारलं, तर डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. चहा आला. एकेक पाळी पुढं सरकू लागली. धम्मप्रियाची आली. बेगमबी बशी हातात धरून बसली होती. धम्मप्रिया उभी राहिली, इतर वेळी कुणी उभं राहत नसे.

"अम्मीला सुई दिसंना," ती म्हणाली. "निळ्या कापडावर टाका दिसंना. धागे कापायला बसवतील म्हणून भिऊन सांगंना. मी डोळ्यांनी बघितलंय."

 बशीतला चहा बेगमबीच्या मांडीवर सांडला ते तिला समजलंच नाही. पहिला आला तो संताप. हिला मी दूध पाजलं, हिला मी मशीन मागून दिलं, आणि हिनं भर सभेत माझ्या पोटावर पाय दिला. मन्मथ विचारत होता, चाची, खरं आहे का हे? तिनं पदर तोंडाला लावला. तोंडात पदराचा बोळा गेला आणि त्या चवीबरोबर पत्र्याची खोली समोर उभी राहिली, दारातली डॉक्टरीण, आणि कुणीतरी आपल्यासाठी बोलत असल्याचा तो आवाज. तेव्हाही तिला असंच मरून जावंसं वाटलं होतं. आणि मेली नव्हती.

तिनं मान हलवली. खरं आहे.

मन्मथनं मडिवाळप्पाकडे बघितलं. आता काय बोलतो हा, म्हणून सगळ्या बाया त्याच्याकडे बघू लागल्या. खुर्चीत बसल्या बसल्या त्यानं पायांकडे पाहिलं.

"चाचीच्या जागेवर दुसरं कोण बसवायचं न्हाई," तो म्हणाला. "दिवा लावू तिथं. चष्म्यानं हातचं कसब कुठं जातं?"

त्यावर लाईनच्या शेवटाकडून एक बाई म्हणाली की हिलाही नेढं सापडत नाही. मग दुसरी, तिसरी. शेजारणींनी शेजारणींना भराभरा उघडं पाडलं. निम्मी लाईन अंदाजानं शिवत होती म्हणायची! मन्मथ कपाळाला हात लावून हसू लागला. पुढच्याच आठवड्यात त्यानं चष्म्याच्या डॉक्टरला कारखान्यात बोलावलं. बायांची नजर तपासून झाल्यावर मडिवाळप्पाही गुपचूप रांगेत उभा राहिला, आणि सगळ्यांत जाड भिंगं त्याच्याच नशिबी आली.

बेगमबी खिडकीजवळच्याच मशीनवर आहे. सुईच्या वर एक छोटा दिवा, नाकावर चष्मा. चष्मा लावून तिनं पहिल्यांदा आपल्या जुन्या निळ्या कॉलरी बघितल्या आणि अल्ला तोबा म्हणून गालावर चापट मारून घेतली. चष्मा लावून आलेल्या बाईला आता धाग्याच्या कामाला बसवत नाहीत. ती मागं गेलेली बाई मात्र परत आली नाही, तिचा पत्ताही कुणाजवळ नव्हता, आणि ते बेगमबीच्या मनाला अजून लागून आहे.

त्या गुरुवारी संध्याकाळी मात्र तिचा राग अजून पुरता गेला नव्हता. वाटेत तिनं धम्मप्रियाला विचारलंच, मला आधी का नाही विचारलंस? धम्मप्रियानं पिशवीतून रिकामी बाटली काढून तिच्यापुढं धरली आणि हसली. बेगमबीला आपलेच शब्द आठवले.

घरी गेल्यावर तिनं बिलोलीला फोन लावला. नागुबाई आता थकली आहे, कानानं कमी ऐकते, फोन कानाला उलटा लावते. बेगमबीनं मोठ्यानं, खाजामियाँची धुनकी थांबवून, सगळं सांगितलं. तुझ्या नातीनं आज सगळ्यांसमोर माझी तक्रार केली मावशी, म्हणाली. मी गप बसले होते तर हिनं उभं राहून सांगितलं. जागा वाचली माझी.

पलीकडून नुसता खरखराट आला. फोन उलटा धरला की काय, असं बेगमबीला वाटलं.

"मग?" नागुबाई म्हणाली. "दूध कुनाचं पिलीय ती?"

बेगमबीला रडू फुटलं. खाजामियाँ कापूस तसाच टाकून तिच्याजवळ येऊन बसला.